एका पायावर तयार

“ही कसली शिक्षा म्हनायची?”

म्हशी घेऊन नदीकडे निघालेले एक आजोबा शाळेच्या पटांगणाशी थांबले आणि त्यांनी मला विचारलं. समोर 14 मुली एका पायावर उभ्या होत्या. हात कमरेवर, डोळे मिटलेले. निम्म्या डुलत होत्या, दोघी हसू दाबत होत्या आणि एक मधेच पाय टेकवून, कुणी बघितलं नाही ना, हे एक डोळा उघडून बघत होती.

“शिक्षा नाही आजोबा, कबड्डीचा सराव आहे.”

“कबड्डीत पळाया लागतंय,” ते म्हणाले, “ह्या तर बगळ्यावानी हुब्या हायत.” आणि म्हशींच्या मागे निघून गेले.

त्यांची काही चूक नव्हती. एका पायावर उभं राहणं ही आपल्याकडे पूर्वापार शिक्षाच. काही वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं की शनिवारची झोप सोडून तू पोरींना असं उभं करायला हिंजवडीहून वेल्ह्यात जाशील, तर मीही हसले असते.

हे गाव माझ्या मामाचं. पुण्याहून सातारा रस्त्याने आलात की चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं, मग नसरापूर, मार्गासनी, विंझर करत आत. पटांगणातून राजगड दिसतो, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने सोडून. मी भोरची. लहानपणची प्रत्येक सुट्टी या गावात गेली. कबड्डीही मी इथेच शिकले, मामाच्या अंगणात, मामेभावांच्या मांड्यांना धरून.

2023 च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय मुलींनी कबड्डीचं सुवर्ण जिंकलं. अंतिम सामना चायनीज तैपेईशी, 26-25, फक्त एका गुणाने. संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. मामाच्या धाकट्या मुलीने तो सामना मामाच्या फोनवर बघितला आणि तिचं ठरलं. तेव्हा ती 13 वर्षांची होती. शाळेच्या संघाच्या सरावाला जायला लागली आणि महिन्याभरात मला मामीचा फोन आला.

“तू ये आणि तिला समजाव. तुझं ऐकती ती. तुझ्या गुडघ्याचं झालं तेवढं बास झालं आपल्या घरात.”

मामीने बोलावलं की मी एका पायावर तयार. आणि खरं सांगायचं तर मी मामीच्याच बाजूने बोलायला निघाले होते.

*

माझा गुडघा गेला तेव्हा मी दहावीत होते. 17 वर्षांखालील मुलींचा सामना. आमचा सगळा सराव मातीत आणि अनवाणी, सामना मात्र मॅटवर, उसने आणलेले बूट घालून. माझी चढाई होती. बोनस घेतला, परत फिरले. कोपऱ्यातली मुलगी अंगावर येताना दिसली म्हणून डावा पाय रोवला आणि उजवीकडे वळले. म्हणजे वरचं शरीर वळलं. पाय मॅटला चिकटल्यासारखा तिथेच राहिला. आतून ‘पट’ असा आवाज आला. ओली काडी मोडल्यासारखा.

मी पडले. मग त्या संघाच्या चौघीजणी माझ्यावर पडल्या, कारण पडलेल्या चढाईपटूला सोडत नाहीत. त्यामुळे घरी, शाळेत, गल्लीत सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली: पोरींनी धरून पाय मोडला. मीही बरीच वर्षं तेच सांगत होते. पण पंचांनी माझ्या पडण्याआधी काहीच बघितलं नव्हतं, कारण बघण्यासारखं काही झालंच नव्हतं. मला कुणी हातही लावला नव्हता.

दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला. दुसऱ्या दिवशी एका हाडवैद्याने गरम तेलाने चोळून दिला. शीर चढलीय, म्हणाला. तीन आठवड्यांत मी सरळ चालायला लागले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हीच या दुखापतीतली फसगत. सरळ चालायला तो बंध फारसा लागत नाही. लागतो तो वळताना, थांबताना, उडी मारून उतरताना. जिन्यावरून घाईने उतरताना माझा गुडघा अधूनमधून सटकायचा. असा सटकत सटकत त्याने आतली गादी कुरतडली. शेवटी 24 व्या वर्षी, कंपनीचा विमा हाती आल्यावर, शस्त्रक्रिया झाली.

पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. गुडघा सुजलेला असताना घरात कुणीतरी म्हणालं, “एका अर्थी बरं झालं. आता अभ्यासात लक्ष देईल.” कुणी वाईट हेतूने म्हणालं नव्हतं. माझ्या खेळण्यावरून घरात वर्षभर धुसफूस चालू होती, संध्याकाळी उशिरा येणं, हाफ पॅन्ट, बाहेरगावचे सामने. माझा गुडघा गेला आणि तो वाद मिटला. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, नोकरी मिळाली, म्हणजे त्यांचं म्हणणं खरंही ठरलं. फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.

*

मामेबहिणीला समजवायला गेले त्या दिवशी आधी तिचा सराव बघितला. ती चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली. चढाईत पाय हलका, नजर तीक्ष्ण. पण अंगावर आलेल्या मुलीला चुकवायला तिने उडी मारली आणि उतरली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पाय जवळजवळ सरळ, ‘धप्प’ असा आवाज आणि दोन्ही गुडघे एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे आत वळलेले.

मी तिला शाळेच्या पायरीवरून पाच वेळा उडी मारायला लावली आणि फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. पाचही वेळा तेच. मग बाकीच्यांना उड्या मारायला लावल्या. बहुतेक मुली तशाच उतरत होत्या.

त्या रात्री मामाच्या माळ्यावर, जिथे रेंज येते त्या एकाच खिडकीत बसून मी वाचायला सुरुवात केली. स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी फक्त खर्च आणि सुट्ट्या एवढंच विचारलं होतं. आता पहिल्यांदा हे विचारत होते की हे होतं कसं.

गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदून जाणाऱ्या दोन दोऱ्या असतात. त्यातली पुढची म्हणजे एसीएल. तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे तिचं काम. धावता-वळता येणाऱ्या खेळांमध्ये ती तुटते, आणि बहुतेक वेळा कुणी धडकलेलं नसताना तुटते. अशा खेळांत मुलींना हा धोका मुलांच्या दुपटीहून जास्त असतो. कारणं एक नाही, अनेक. वयात येताना मुलांची उंची वाढते तशी ताकदही झपाट्याने वाढते. मुलींची उंची आणि वजन वाढतं, पण मांडीमागच्या आणि नितंबांच्या स्नायूंची ताकद त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे गाडी मोठी झाली, ब्रेक मात्र जुनेच. त्यात हाडांची ठेवण, संप्रेरकं हेही आहे. आणि त्यात मी माझ्याकडून एक कारण घालेन: आपल्याकडे मुलगा चौथीपासून दिवसभर उड्या मारत असतो, आणि मुलीला नेमकं त्याच वयात “आता नीट बस” असं सांगितलं जातं.

पण मला हलवलं ते एका वेगळ्या आकड्याने. 2010 मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी महिलांच्या हँडबॉल आणि बास्केटबॉल सामन्यांतल्या अशा 10 दुखापतींचे व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून तपासले. पाय जमिनीला टेकल्यापासून बंध तुटेपर्यंत किती वेळ जातो? साधारण 40 मिलिसेकंद.

ऑफिसात माझं कामच सर्व्हरने उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लावले ते मोजायचं, त्यामुळे या आकड्याचा अर्थ मला लगेच अंगावर आला. डोळ्याची पापणी मिटायला याहून जास्त वेळ लागतो. “गुडघा आत चाललाय” ही खबर मेंदूपर्यंत जाऊन, तिथून हुकूम येऊन, स्नायूत पुरेशी ताकद उभी राहायच्या आत सगळं संपलेलं असतं.

मी मघाचं चित्रण उघडलं. फोन सेकंदाला 240 फ्रेम घेतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 4 मिलिसेकंदांची. पाय टेकल्याची फ्रेम शोधली आणि तिथून 10 मोजल्या. दहाव्या फ्रेममध्ये तिचे गुडघे पुरते आत वळले होते आणि चेहऱ्यावरचं हसू मात्र पायरीवर होतं तसंच होतं. पाय टेकल्याची बातमी चेहऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती.

म्हणजे “जपून खेळ गं” या सांगण्याला काही अर्थ नाही. जपायला वेळच नसतो. जे काही करायचं ते पाय हवेत असतानाच ठरलेलं असलं पाहिजे, शरीराला आधीच माहीत असलं पाहिजे. तोल सांभाळण्याचा सराव म्हणजे हे आधी माहीत करून देणं. एका पायावर उभं राहिलं की घोटा, गुडघा, नितंब यांच्या स्नायूंना सतत बारीक बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. डोळे मिटले की नजरेची मदत जाते आणि सांधा कुठे आहे हे सांगणाऱ्या आतल्या जाणिवेवर सगळा भार येतो. हे शेकडो वेळा झालं की स्नायू पाय टेकायच्या आधीच सावध व्हायला लागतात.

*

दुसऱ्या शनिवारी मी ऑनलाइन मागवलेले दोन डुगडुगते बोर्ड घेऊन गेले. लाकडाची गोल फळी आणि खाली अर्धा चेंडू. 1996 मध्ये इटलीत 600 पुरुष फुटबॉलपटूंवर असा प्रयोग झाला होता. तीन मोसमांत बोर्डावर सराव करणाऱ्या 300 जणांत 10 एसीएल तुटले आणि न करणाऱ्या 300 जणांत 70. एवढं वाचून मी खरेदी केली होती. मुलींना ती जत्राच वाटली. सगळ्या रांगेत उभ्या, पडल्या की हशा.

महिन्याभराने पुढचं वाचलं आणि जरा ओशाळले. 2000 मध्ये स्वीडनच्या महिला फुटबॉलपटूंना बोर्ड देऊन घरी सराव करायला सांगितलं होतं. फायदा दिसला नाही. उलट त्या अभ्यासातल्या 5 एसीएल दुखापतींपैकी 4 बोर्डवाल्या गटात झाल्या. नुसता तोल पुरत नाही. त्याच्या जोडीला ताकद लागते, उडीवरून नीट उतरायची सवय लागते, आणि चुकलं तर सांगणारं कुणीतरी समोर लागतं. माझं हे नेहमीचंच, अर्धं डॉक्युमेंटेशन वाचून काम सुरू करायचं.

मग ज्यांचं जमलं होतं त्यांच्याकडे वळले. 2012 मध्ये स्वीडनमध्येच 12 ते 17 वर्षांच्या 4564 फुटबॉल खेळणाऱ्या मुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, वॉर्म-अपमध्ये 15 मिनिटं, सहा व्यायाम. एसीएलच्या दुखापती 64 टक्क्यांनी कमी. साधन काहीच नाही लागत. पटांगण पुरतं.

आम्ही तेच सहा घेतले. एक, एका पायावर उभं राहून अर्धी बैठक, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. दोन, उताणं झोपून, पाय दुमडून कंबर उचलायची. जमलं की एका पायावर. तीन, दोन्ही पायांवर बैठक. चार, प्लँक. पाच, पुढे लांब पाऊल टाकून गुडघ्यात वाकायचं. सहा, उडी आणि उतरणं. पहिल्याच्या आधी डोळे मिटून एका पायावर उभं राहणं ही भर आम्ही घातली, आणि त्यातच जोडीदारणीने हलका धक्का द्यायचा, कारण कबड्डीत तोल जातो तो कुणीतरी धक्का दिल्यावरच.

सगळ्यात चालली ती एक साधी सूचना: आवाज न करता उतरा. “गुडघे वाकवा, आत नेऊ नका, कंबर मागे” असं मी सांगितलं तेव्हा सगळ्या लाकडासारख्या व्हायच्या. “मांजर ओट्यावरून उतरतं तशी उतर” म्हटलं की गुडघे आपोआप वाकायचे. मग स्पर्धाच लागली. एकीने उडी मारायची, बाकीच्यांनी पाठ फिरवून ऐकायचं. ‘धप्प’ ऐकू आलं की बाद.

या मुली लहानपणापासून लंगडी खेळतात, भाताच्या खाचरांमधून बोटभर रुंदीच्या ओल्या बांधावरून डोक्यावर ओझं घेऊन चालतात. मला वाटलं होतं, यांना तोल काय शिकवायचा? पण बांधावर माणूस हळू चालतो. जोरात धावत येऊन एका पायावर थांबायचं आणि त्याच पायावर वळायचं, हे बांध शिकवत नाही. ते वेगळं शिकावं लागतं.

*

शाळेतल्या सरांना हे पटवणं हे सर्वांत अवघड काम होतं. ते वाईट नव्हते, त्यांच्याकडे वेळ नव्हता. शाळा सुटल्यावर 50 मिनिटं. त्यानंतर लांबच्या वाड्यांवरच्या मुलींची एसटी चुकते.

“तू सांगतेस ते खरं असेल,” ते म्हणाले, “पण 50 मधली 15 मी तुला दिली तर चढाई कधी शिकवू आणि पकड कधी?”

मी आकडे सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दोन वर्षांत माझ्या तीन मुली गुडघ्यामुळे बसल्या. एकही परत आली नाही.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “पटांगणाला ज्या पाच फेऱ्या मारतात, त्या बंद करू. दोन फेऱ्या आणि मग तुझं ते.”

वेळ निघाला तो असा. नवीन काही घालायला नव्हे, जुनं काहीतरी काढून टाकायला माणूस तयार झाला म्हणून.

मामाचं गणित वेगळं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या पातळीवरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. तिथपर्यंत नाही पोचली तरी भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक आहेच. म्हणजे गुडघा गेला तर एक दार नाही, दोन्ही दारं बंद. मामाला माझं लगेच पटलं.

मामीला नाही. तिला भाकरी थापताना मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

“म्हंजे ह्यानं पाय मोडायचाच न्हाई?”

“तसं नाही मामी. मोडू शकतो. कमी मुलींचा मोडतो.”

“किती कमी?”

“निम्म्याने. नीट केलं तर त्याहून कमी.”

“म्हंजे निम्म्या पोरींचा मोडतोच.”

“नाही, नाही. ज्या थोड्यांचा मोडला असता, त्यांच्यातल्या निम्म्यांचा वाचतो.”

“आणि आपली त्या वाचनाऱ्यांत आसंल, ह्याची ग्यारंटी?”

“नाही.”

तिने भाकरी उलटली. मला वाटलं, संपलं. ऑफिसात असं उत्तर दिलं की मीटिंग तिथेच संपते. आणि मला खोटं बोलायचं नव्हतं. हा सराव प्रामुख्याने आपोआप होणाऱ्या दुखापती टाळतो. तिघींनी मिळून गुडघा धरला आणि चौथी वरून पडली, तर मांजरासारखं उतरण्याने काय होणार?

बऱ्याच वेळाने मामी म्हणाली, “खेळू दे. पर येक आयक. काय झालंच तर चोळायबिळायला न्यायचं न्हाई. दुसऱ्या दिशी पुन्याला घिऊन जायचं. त्ये तुझ्याकडं लागलं.”

मी हो म्हटलं. त्या रात्री मला कळलं की मामीला माझ्या दहावीतलं सगळं आठवत होतं. तेल, हाडवैद्य, आणि “एका अर्थी बरं झालं”सुद्धा.

म्हणून एक गोष्ट आता आम्ही मुलींच्या आयांना बोलावून सांगतो. आतून ‘पट’ आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा सुजला, तर बहुधा आत रक्तस्राव झालेला असतो. चोळायचं नाही, शेकायचं नाही. बर्फ, विश्रांती आणि अस्थिरोगतज्ज्ञ. आठ दिवसांनी सूज उतरली तरी जायचं. आणि शस्त्रक्रिया झालीच तर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर नाही. घाईने परतणाऱ्या तरुण खेळाडूंमध्ये पुन्हा बंध तुटण्याचं प्रमाण मोठं आहे, कधी तोच, कधी दुसऱ्या पायाचा.

*

पहिल्या पावसाळ्यात सगळं बंद पडलं. जुलैमध्ये पटांगणात चिखल, मुली भातलावणीला, माझी ऑफिसात रिलीज. पाच शनिवार मी गेले नाही. सहाव्या शनिवारी गेले तर मुली पुन्हा ‘धप्प’ उतरत होत्या.

हे फक्त आमचंच नव्हतं. कबड्डीला सर्वांत जवळचा म्हणून मी हँडबॉल धरून चालले होते: जोरात धाव, अचानक थांबणं, एका पायावर वळणं, अंगावर येणारी माणसं. नॉर्वेमध्ये ग्रेटे मिक्लेबुस्त या फिजिओथेरपिस्ट संशोधिकेने महिला हँडबॉलच्या वरच्या तीन गटांतल्या संघांबरोबर तोलाच्या आणि उडीच्या व्यायामांचा कार्यक्रम राबवला. सराव नसलेल्या पहिल्या मोसमात 29 एसीएल तुटले, पुढच्या मोसमात 23, त्याच्या पुढच्या 17. मग अभ्यास संपला, संशोधक आपापल्या कामाला गेले, आणि आकडे पुन्हा वर चढले. नंतर प्रशिक्षकांनाच हाताशी धरून मोहीम केली तेव्हा ते पुन्हा उतरले. दहा वर्षांनी त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहून काढलं.

ते वाचताना मला माझे पाच शनिवार दिसत होते. बाहेरून येणाऱ्या ताईवर चालणारी गोष्ट ताईच्या रिलीजबरोबर बंद पडते.

म्हणून आम्ही बदललं. आता दर आठवड्याला दोन मोठ्या मुली पुढे उभ्या राहतात, बाकीच्या त्यांचं बघून करतात. सर भिंतीवरच्या वहीत तारीख लिहितात. पाऊस असला की व्हरांड्यात. व्हरांडा अरुंद आहे, त्यामुळे दोन रांगा करून, एकमेकींच्या खांद्याला न धरता. मी महिन्यातून एकदा जाते, फोनवर उड्यांचं चित्रण करते आणि प्रत्येकीला तिच्या दहा फ्रेम दाखवते. बाकी मी काही करत नाही.

हे चाललं की नाही, ते 14 मुलींवरून सांगता येणार नाही. दोन वर्षांत एकीचा घोटा मुरगळला, एकीचं बोट मोडलं. गुडघा कुणाचा गेला नाही. पण एवढ्या थोड्या मुलींमध्ये तो काही न करताही कदाचित गेला नसता. आकडेवारीशी रोजचा संबंध असलेल्या माणसाने इथे छाती फुगवू नये. मला दिसतं ते एवढंच की गुडघे आत जायचे थांबलेत, आणि 2025 च्या जानेवारीत प्रियंका इंगळेच्या संघाने खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून खो-खो खेळणाऱ्या सातजणीही आमच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्यात.

मामेबहीण आता 15 वर्षांची आहे. 17 वर्षांखालच्या संघात. मी दहावीत ज्या गटात खेळत होते, त्याच गटात. तिचा सामना असला की मी जात नाही, माझ्याच्याने बघवत नाही. मामी जाते. पदराला बर्फाच्या पिशवीसाठी पैसे बांधून.

गेल्या पावसात एकदा रात्री तिने मला व्हिडिओ पाठवला. व्हरांड्यात मुली एका पायावर उभ्या, डोळे मिटलेले, मागे पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. शेवटी तिने पायरीवरून उडी मारली आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही म्हणून मी फोन केला.

“काय म्हणत होतीस?”

“अगं ताई, पावसात कुणाची धप्प ऐकूच येत नाही. मग आम्ही कसं करायचं?”

मी म्हटलं, पायरीखाली परातीत पाणी ठेवा, उडालं की बाद. दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला, तिची पितळी परात शाळेत कुणी नेली म्हणून.